हेलिकॉप्टरला कुंकू लावलं रुख्मिणीनं

आमच्या भिवापूरच्या बाजूला सायकलपासून ट्रॅक्टरपर्यंत कोणतंही नवं यंत्र नारळ-कुंकवाशिवाय जागचं हलत नाही. गेल्या वर्षी मिरचीवर रोग पडला, तेव्हा नागपूरच्या एका कंपनीनं फवारणीसाठी चक्क हेलिकॉप्टर पाठवलं. ते गोपाळरावांच्या वावरात उतरलं. वारा सुटायच्या आत काम उरकायचं म्हणून पायलट केयूर घाई करत होता. नारळ, कुंकू तयार होतं, पण लावणारी सून रितिका काही पोचली नव्हती.

गोपाळरावांनी बांधावरच्या रुख्मिणीला हाक मारली. "तूच लाव वं कुंकू. टाइम नाही राहिला."

रुख्मिणी विधवा, त्यांच्याकडे रोजानं मिरचीचे देठ खुडणारी. घाईत कोणाच्या ध्यानात आलं नाही. तिनं लावलं. नवरा गेल्यापासून कुंकवाला पहिल्यांदाच बोट लागलं होतं. तिला बरं वाटलं.

थोड्याच वेळात शेपटाकडचा गिअरबॉक्स तुटला आणि हेलिकॉप्टर गरगरत मिरचीत कोसळलं. केयूरचा पाय मोडला, जीव वाचला. चौकशीवाल्यांना कारण शोधायला कित्येक महिने लागले. गावाला ते संध्याकाळपर्यंतच सापडलं होतं.

रुख्मिणीला कामाला बोलावणं बंद झालं. "तुमीच तं सांगितलं भाऊ," असं ती गोपाळरावांना सुरुवातीला म्हणायची. ते सोयीनं विसरले होते. सांगून सांगून बाई थकली.

यंदा नवं हेलिकॉप्टर आलं, लंगडत केयूरही आला. रुख्मिणीनं त्याला गाठलं. "साहेब, याइले एकदा सांगून द्या. मले काम पाहिजे."

भला माणूस. त्यानं सगळ्यांसमोर सांगितलं, "गिअरबॉक्स तुटला होता. यात या ताईंचा काहीच दोष नाही."

गोपाळरावांनी मान डोलावली. "बरोबर हाय साहेब. पण तो त्याच दिवशी काहून तुटला?"

गोपाळरावांनी रितिकाच्या हातातलं ताट घेऊन रुख्मिणीपुढे धरलं. "मंग साहेब, यंदाबी हिच्याच हातानं लावू?"

केयूरनं हेलिकॉप्टरकडे पाहिलं. मग खाली बघत हळूच म्हणाला, "राहू द्या. सूनबाईच लावतील."

गावाचं बोलणं रुख्मिणीनं वर्षभर सोसलं होतं. हे मात्र लागलं. तरी ती भांडली नाही. उडायचं त्यालाच होतं. दुसऱ्या दिवशी तिनं बुटीबोरीची बस धरली. तिथल्या कारखान्यांत बायकांना काम मिळतं म्हणे, आणि तिथं तिला ओळखणारं कोणी नव्हतं.