चेहऱ्याला हात लावायचा नाही

लग्नाला पाच आठवडे उरले असताना माझ्या मुलीचा चेहरा सोललेल्या टोमॅटोसारखा झाला. अर्धं श्रेय तिचं, अर्धं माझं.

तिचं अर्धं आधी सांगते, कारण आया तसंच सांगतात. ती हडपसरला आयटीत नोकरी करते आणि आमच्या बेसिनवर तिच्या बाटल्यांची रांग असते. सकाळी व्हिटॅमिन सी, रात्री रेटिनॉल, दिवसाआड कसलंसं अ‍ॅसिड. ज्या नावाची वस्तू मी संडास धुवायला आणते, तिची धाकटी बहीण ही पोरगी तोंडाला लावते, असं मी येईल त्याला सांगत असे. लग्न ठरलं आणि दिवसाआडचं अ‍ॅसिड रोज झालं. गाल चुरचुरायला लागले, तर मोबाइलवर कोणीतरी तिला सांगितलं, की चुरचुरणं म्हणजे गुण येतोय.

आता माझं अर्धं. लाल चट्टे दिसल्यावर मी म्हटलं, ती केमिकल्स फेकून दे, घरचं लाव. बेसन, साय, हळद आणि वरून अर्धं लिंबू. ती दुसरी-तिसरीत असल्यापासून दर रविवारी मी तिला हे लावत आले, वाळेपर्यंत बसवून ठेवत आले आणि मग खसाखसा चोळून काढत आले. मी गोरी, पोरगी बापाच्या रंगावर गेलेली. मला ते आईचं कर्तव्यच वाटायचं. त्या रविवारीही चोळलं. ती ओरडली. मी म्हटलं, "घरचं आहे, काय होणार?" संध्याकाळपर्यंत तिला हसतासुद्धा येईना. साधं पाणी गालाला लागलं तरी ती कळवळायची.

त्वचेच्या डॉक्टरीणबाईंनी भिंगातून आधी तिचा चेहरा बघितला आणि मग भिंगाशिवाय मला.

"तुमच्या सोसायटीच्या गच्चीला वॉटरप्रूफिंग आहे?"

"आहे की."

"ते कोणी रोज थोडं थोडं खरवडलं तर?"

"वरच्या मजल्यावरचे भांडायला येतील."

"इथे तेच झालंय. कातडीचा सगळ्यात वरचा थर आतलं पाणी आत ठेवतो आणि नको ते बाहेर. एकीने तो अ‍ॅसिडने खरवडला, दुसरीने बेसनाने."

"पण डॉक्टर, बेसन नैसर्गिक असतं."

"खाजकुयलीही नैसर्गिकच असते, ताई."

असं उत्तर देण्याचा मान आमच्या घरात आजवर माझ्याकडे होता.

उपाय म्हणावा तर काहीच नव्हता. दिवसातून एकदा, फेस न होणाऱ्या सौम्य क्लेन्झरने आणि कोमट पाण्याने तोंड धुवायचं. पुसायचं नाही, टिपायचं. ओलसर असतानाच बिनवासाचं साधं मॉइश्चरायझर लावायचं, झोपताना जास्त सोललेल्या जागी पेट्रोलियम जेली, बाहेर पडताना सनस्क्रीन. बाकी सगळं बंद. थर आपला आपण भरून येतो, पण चार-पाच आठवडे घेतो. तोवर चेहऱ्याला कोणी हात लावायचा नाही.

"हळदीच्या दिवशीसुद्धा?" मी विचारलं.

"त्या दिवशी तर मुळीच नाही."

पुण्यातल्या माणसाला काहीही करायला सांगावं, काही करू नका असं सांगू नये. शेजारच्या काकू कोरफडीचं पातं घेऊन आल्या. मांजरी गावाहून माझ्या चुलत जावेचा फोन आला, "कडूलिंबाचा पाला उकळून लाव गं, दोन दिसात हाय तसं व्हतंय." मी सगळ्यांना "हो हो" म्हणत दारातूनच वाटेला लावलं. सगळ्यात कठीण होतं मला स्वतःला आवरणं. दुसऱ्या आठवड्यात एकदा माझा हात आपोआप सायीच्या पातेल्याकडे गेला. वाटी भरली आणि वळून बघते तर मुलगी स्वयंपाकघराच्या दारात उभी. ती साय मी तिच्यासमोर, साखर घालून, पोळीशी खाल्ली.

तिसऱ्या आठवड्यात चुरचुर थांबली. चौथ्यात ती फोनवर होणाऱ्या नवऱ्याशी बोलताना तोंड भरून हसली आणि मला देवापुढे दिवा लावावासा वाटला. लावलाही. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, सुधारणा छान आहे, पण थर अजून कोवळा आहे, सांभाळा.

मग हळदीचा दिवस आला. खरं तर आमच्याकडे पाच सवाष्णी आंब्याच्या पानाने पाय, गुडघे, खांदे आणि डोकं अशी हळद लावतात. पण हल्ली फोटोग्राफर असतो, त्यामुळे पानं बाजूला पडतात आणि जो तो मूठभर हळद नवरीच्या तोंडाला फासतो. मी पाटाशेजारी ठाण मांडून उभी राहिले. चार जणी माझा चेहरा बघून पायांवरच थांबल्या. पाचवी माझी मोठी नणंद. ती तळहात भरून आली.

"वन्सं, पायांना लावा. चेहऱ्याला नको."

"अगं, हळद आहे ही, विष नाही. तोंडाला न लावता नवरी उजळायची कशी?"

"तिला उजळायचं नाहीये," मी म्हटलं, मागच्या खुर्च्यांपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात. "आहे त्याच रंगात माझी लेक देखणी दिसते."

नणंदेने एकदा माझ्याकडे बघितलं आणि ती मुकाट्याने पायांशी वाकली. एक-दोघींनी माना डोलावल्या. मला स्वतःचं फार कौतुक वाटलं. आता लेकीच्या डोळ्यांत पाणी येणार, म्हणून मी पदराचं टोक हातात धरून तयार होते.

तिच्या डोळ्यांत पाणीबिणी काही नव्हतं. ती चिडलेलीही नव्हती.

"आई," ती हळूच म्हणाली, "हे तू आज पहिल्यांदा बोललीस. शाळेत असताना एकदा जरी बोलली असतीस ना, तर मी एकही बाटली आणली नसती."

बायकांचं गाणं चालू होतं, त्यामुळे ते दुसऱ्या कोणाला ऐकू गेलं नाही. नणंद उठली, माझी पाळी आली. मी आंब्याचं पान हळदीत बुडवून तिच्या पावलांना लावलं. मग पुन्हा लावलं, आणि पुन्हा, कारण उठले असते तर तिच्या तोंडाकडे बघावं लागलं असतं.