नॉइज कॅन्सलिंगमधला धवला

आधीच सांगतो, मी या ग्रुपवरचे भुताखेतांचे अनुभव वाचून हसणारा माणूस आहे. खाली कमेंटमध्ये "झोप पूर्ण करा" असं लिहिणारे जे शहाणे असतात ना... त्यांतलाच एक. डोंबिवली एमआयडीसीतल्या एका कंपनीत क्वालिटीला आहे. दिवसभर माल तपासायचा आणि रिजेक्ट करायचा, हीच नोकरी, त्यामुळे हातात पुरावा आल्याशिवाय काही मान्य करायची सवय नाही. तरी हे लिहितोय, कारण ते डोक्यातून जातच नाहीये.

राहायला कोलशेतला. आम्ही आगरी, इथलेच. आजोबांच्या वेळी मिठागर आणि भातशेती होती, आता तिथे टॉवर आहेत आणि मधोमध आमचं घर. कंपनीची बस कळवा, मुंब्रा बायपास, शीळफाटा, काटई असं करत डोंबिवलीला नेते. शीळफाट्याला काय होतं ते तिथून जाणाऱ्याला सांगायला नको. ट्रेलर, टँकर, रिक्षा, सगळे जागच्या जागी उभे आणि तरी सगळ्यांचा हात हॉर्नवर. संध्याकाळी घरी यावं तर शेजारच्या टॉवरचं पायलिंग, पायाचे खांब ठोकायची धडधड. मला आवाज सहन होत नाही, डोकं फिरतं. बायको म्हणते, तू बोलतोस कमी आणि खेकसतोस जास्त.

त्यात घरात हिराआत्याचं आजारपण. हिराआत्या म्हणजे वडिलांची थोरली बहीण. लवकर विधवा झाली, माहेरी परत आली आणि पुढे धवलारीण म्हणून पंचक्रोशीत नाव झालं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो — आमच्या लग्नात हळदीपासून प्रत्येक विधीला धवलारीण लागते. ती धवले म्हणते, म्हणजे देवांना, पूर्वजांना मांडवात बोलावणारी लांबलचक गाणी. सगळी तोंडपाठ. आणि सुरू केलेला धवला मध्ये सोडायचा नाही, जेवण थांबेल, मुहूर्त थांबेल, पण धवला पुरा व्हायलाच पाहिजे.

अशा बाईला पॅरालिसिसचा झटका आला आणि वाचाच गेली. एक बाजूही गेली. दुसरा हात मात्र थांबेना... दिवसभर चादर ओढायची, दाराकडे बघायची. झोप नाही, खाणं नाही. आई तिच्या उशाशी बसून एकेक गोष्ट पुढे करायची — पाणी पाहिजे, कूस बदलू, देवाचा फोटो आणू? आत्या मान फिरवायची. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं, ही तगमग थांबली नाही तर शरीर टिकणार नाही. औषधं वाढवली. तगमग तशीच राहिली.

याच दिवसांत मी इअरबड्स घ्यायचे ठरवले. निदान बसमध्ये तरी शांतता मिळावी. आता माणूस क्वालिटीतला, त्यामुळे लग्नाला मुलगी बघावी इतकी चौकशी केली. रिव्ह्यू वाचले, व्हिडिओ बघितले. बसमध्ये माझ्या शेजारी प्रसाद बसतो, त्याला यातलं कळतं. तो म्हणाला, कानात घट्ट बसणारे, रबरी टोकाचे घे, बॅटरी आणि कॉलचा माईक बघ, बाकी जाहिरातीवर जाऊ नको.

पहिली जोडी आली. बसमध्ये बसलो, कानात घातली, नॉइज कॅन्सलिंग चालू केलं... आणि खरं सांगतो, डोळ्यांत पाणी आलं. इंजिन गेलं, हॉर्न गेले, मागच्या सीटवरची भांडणं गेली. गाणं वगैरे काही लावलं नव्हतं, नुसती शांतता ऐकत होतो.

शीळफाट्याच्या अलीकडे बारीक आवाज यायला लागला. कोणीतरी बाई काहीतरी म्हणत होती. थोडं म्हणायची, मग तुटायचं. परत थोडं, परत तुटायचं. फोन काढून बघितला, काहीच चालू नव्हतं. फोन बंद केला तरी आवाज होताच. इअरबड्स काढून प्रसादच्या कानात घातले, तो म्हणाला, एकदम क्लीन आहे रे. मी म्हटलं पीस डिफेक्टिव्ह आहे. दुसऱ्याच दिवशी परत पाठवले.

दुसरी जोडी वेगळ्या कंपनीची, डोंबिवलीत दुकानात बसून, घालून बघून घेतली. दुकानात काही नव्हतं. बसमध्ये पुन्हा तेच, तोच सूर आणि तेच तुटणं. आता मी चिडलो. दुकानदाराशी वाद घातला, तो म्हणाला साहेब, कनेक्शन ड्रॉप होत असेल. फोनच जोडलेला नाही तर कनेक्शन कसलं ड्रॉप होणार? त्याने बिचाऱ्याने कटकट नको म्हणून बदलून दिले.

तिसरी जोडी मात्र परत करण्याचा मी विचारही केला नाही. कारण त्या दिवशी पायलिंगच्या वैतागाने मी ते घरी घातले आणि आवाज इतका स्वच्छ आला, की ओळखू न येण्यासारखं काही उरलंच नाही. तो हळदीचा धवला होता. लहानपणापासून प्रत्येक मांडवात ऐकलेला. आणि आवाज हिराआत्याचा होता.

मी तसाच आतल्या खोलीत गेलो. आत्या पडलेली, ओठ मिटलेले, हात चादरीवर. कानात तिचा आवाज चालू. मी इअरबड्स काढले. खोलीत फक्त पंख्याचा आवाज. पुन्हा घातले... पुन्हा ती. भीती वाटली, अगदी सरळ भीती.

कोणाला सांगणार? जेवताना आईला सहज विचारल्यासारखं विचारलं, धवला म्हणताना आत्या मध्ये मध्ये थांबायची का गं? आई म्हणाली, थांबायचीच. धवलारणी दोघी असतात. आत्याची जोडीदारीण होती जानकीबाय, शीळफाट्याच्या आतल्या गावातली. लग्नांच्या सीझनमध्ये जानकीबाय आमच्या पडवीतच मुक्काम ठोकायच्या, हे मला अंधुक आठवत होतं.

"हिरा सुरू कराची, जानकी उचलाची," आई म्हणाली. "येकीनं दुसरीचा भाग म्हनाचा नाय, मंग किती का येल थांबाला लागू दे."

दोन जोड्या मी डिफेक्टिव्ह म्हणून परत केल्या होत्या, आणि ते तुटणं नव्हतंच. ती आपला भाग म्हणून पुढच्या भागासाठी थांबत होती. कोणी उचलत नव्हतं, मग ती पुन्हा पहिल्यापासून. झटका आल्यापासून हेच चाललं असेल, असा विचार मनात आला आणि मला जेववेना.

जानकीबाय आहेत की गेल्या, आईलाही माहीत नव्हतं. रविवारी बाईक काढून गेलो. गावात विचारत विचारत घर सापडलं. त्यांची सून बाहेर आली, मी कोण ते सांगितलं. ती म्हणाली, आहेत, पण भेटून उपयोग नाही. कान पूर्ण गेलेत, ढोल वाजला तरी कळत नाही. "आनि आता डोक्यावर पन परिणाम झालाय त्यांच्या. दिवसभर एकट्याच बसून पुटपुटतात."

ओटीवर जानकीबाय भिंतीला टेकून बसल्या होत्या. समोरून डंपर धुरळा उडवत चालले होते, त्यांची पापणी हलत नव्हती. मी जवळ जाऊन उभा राहिलो. ओठ बंद होते. मग हलायला लागले. मग पुन्हा बंद.

आता हे मी का केलं मला माहीत नाही... खिशातून इअरबड्स काढून कानात घातले. डंपर नाहीसे झाले. आत्या गात होती. आत्या थांबली, आणि जानकीबायचे ओठ हलायला लागले. ते मिटले, तशी आत्या पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली. मी बराच वेळ बघत होतो. एकदाही चुकलं नाही.

सुनेला काय वाटलं असेल देव जाणे, मी तिच्यासमोर ढसाढसा रडलो. मग एवढंच म्हटलं, यांना आमच्याकडे घेऊन जायचंय, आजच. रिक्षा बोलावली. म्हातारीला खाणाखुणा करून सांगायला गेलो, तर मी हात वर करायच्या आधीच ती उठून पदर सारखा करत होती.

कोलशेतला पोचलो तेव्हा ऊन उतरत होतं. आईने जानकीबायना आत्याच्या खोलीत नेलं. दोघींनी एकमेकींकडे बघितलं, रडणं-बिडणं काही नाही. जानकीबाय पलंगावर बसल्या, आत्याचा तो चादर ओढणारा हात हातात घेतला, आणि जरा थांबून मोठ्याने म्हणायला लागल्या. आवाज फाटलेला, पण सूर पक्का. थोडं म्हणून थांबल्या. खोलीत शांतता. मग पुढचं. आम्हाला सगळ्यांना अर्धाच धवला ऐकू येत होता. पण मधल्या वेळात आत्याचे ओठ हलत होते... झटका आल्यापासून पहिल्यांदाच. आईने तोंडाला पदर लावला. माझ्या खिशात इअरबड्स होते. मी काढले नाहीत.

धवला पुरा झाला. आत्याचा हात जानकीबायच्या हातात सैल पडला, मी घाबरून पुढे झालो, तर ती झोपली होती. शांत, एका लयीत श्वास. पुढे ती चार घास खायला लागली, झोपायला लागली. तगमग परत आली नाही. शेवटी गेली तीही झोपेतच, पण ते बरंच नंतर.

त्या संध्याकाळनंतर इअरबड्समध्ये मला कधीच काही ऐकू आलं नाही. शीळफाट्याला आता हवी होती तशी शांतता मिळते आणि ती मला नकोशी होते, बरेचदा एक कान उघडाच ठेवतो. डॉक्टरांना विचारलं, ते म्हणाले ताण होता तुमच्यावर. प्रसाद म्हणतो, मेंदू शांततेत जुने आवाज भरतो. असेल. पण मग ओटीवरच्या त्या ओठांचं काय? मी रिजेक्टच्या शेऱ्याखाली कारण लिहिणारा माणूस, याचं कारण मला आजही लिहिता येत नाही.

आणि एक राहिलं. आत्या झोपल्यावर जानकीबायनी मला जवळ बोलावलं. बहिऱ्या माणसाच्या त्या मोठ्या, सपाट आवाजात म्हणाल्या,

"कवाधरशी बोलावते ती मना. मी जबाब देतंय, पन तिला पोचत नाय. मना वाटला, तुमाला तर कान हायेत. तुमी आयकाल न मना न्यावाला याल. इतके दिस का लावले रं?"