दहा लाख एक

दहावीत मी गणिताच्या शिकवणीला जायचे. तेव्हा आम्ही नेपानगरला राहायचो. वडील कागद कारखान्यात रिळांची वजनं लिहायचे. शिकवणीचे सर आमच्याच वसाहतीतले, आमच्यासारखेच महाराष्ट्रातून आलेले. गणपतीच्या वर्गणीपासून लग्नाच्या बोलणीपर्यंत तिथल्या मराठी घरांचं पान त्यांच्यावाचून हलत नसे.

एक दिवस सरांनी फळ्यावर १०,००,००१ लिहिलं. दोन, तीन, पाच, सात, अकरा, तेरा यांनी भागून पाहिलं. दर वेळी बाकी उरली. "मूळ संख्या," म्हणाले, "हिला कशानंच भाग जात नाही." मला ते पटेना. तेरावर थांबायचं कारण काय? हजारापर्यंतच्या सगळ्या मूळ संख्या तपासल्याशिवाय असं म्हणताच येत नाही. घरी येऊन मी भागाकार मांडत बसले. शंभराच्या आतल्या पंचवीस मूळ संख्या झाल्या, एकीनंही भाग गेला नाही. पुढची १०१. भागाकार ९९०१, बाकी शून्य! मी धावत जाऊन आईला मिठी मारली. तिचे हात कणकेत होते.

दुसऱ्या दिवशी वर्गात मी ते सांगितलं आणि पोरं सरांना हसली. संध्याकाळी सर आमच्या दारात. "पोरगी फार शेफारली आहे. पुढं हिला गणित देऊ नका, आर्ट्सला घाला."

ते गेल्यावर वडिलांनी कागद ओढला. ९९०१ ला १०१ नं गुणलं. रोज आकड्यांत वावरणारा माणूस, त्यांना कितीसा वेळ लागणार?

"बरोबर आहे तुझं," ते म्हणाले. मला वाटलं, जिंकले. "पण उद्या माफी मांगून घे. आपण इथं चार घरं मराठी, बेटा. त्यांच्याशी बिघाड करून कसं चालेल?"

मी सगळ्या वर्गासमोर म्हणाले, "सर, माझं चुकलं." अकरावीचा फॉर्म वडिलांनी स्वतःच्या हातानं भरला. आर्ट्स. मी रडले, दोन दिवस जेवले नाही. तो राग अजून गेलेला नाही.

गेल्या महिन्यात ते शनवारा मोहल्ल्यात माझ्या सासरी आले होते. चहा घेता घेता माझ्या सासऱ्यांना सांगू लागले, "व्याही, माझ्या बेटीनं एकदम मास्तरलाच गप केलं होतं! दहा लाख एकला एकशे एकनं भाग जातो, पूरा!" आकडा अचूक होता. माफीचं नावही काढलं नाही.

सासरे खूश झाले. "अरे वा! मग सूनबाईनं पुढं गणितच घ्यायचं ना?"

"तिचंच मन नव्हतं," वडील म्हणाले.

"होतं," मी म्हणाले. पण तोवर दोघं जैनाबादच्या शेतातल्या केळीबद्दल बोलू लागले होते.