एलर्ट ब्रुंकेन आणि रेंकेनसाहेबांचं सॉसेज

पहिल्या महायुद्धात फ्लँडर्सच्या खंदकात एलर्ट ब्रुंकेनचे डोळे गेले, आणि जर्मनीतल्या आपल्या ओल्डेनबुर्गला परतल्यावर त्याला कळलं की आपण आता अख्ख्या गावाच्या मालकीचे झालोय. कुणीही यावं, खांदा थोपटावा, "शूर हो आमचा!" म्हणावं. चर्चमधल्या बायकांनी विणून दिलेले मोजे एक लहान, एक मोठा. आंधळ्याला काय दिसतंय!

लढाईआधी तो हुंटे नदीवर मालाची होडी चालवायचा. आता धाकटी बहीण टॉमके त्याचा हात धरून त्याला चालवायची, आणि तो दिवसभर तिच्यावरच खेकसायचा.

शेवटी टॉमकेनंच त्याला आंधळ्या सैनिकांना वाट दाखवणाऱ्या कुत्र्यांच्या नव्या शाळेत नेऊन सोडलं.

"कुत्रं? आता माझ्या गळ्यात पट्टा बांधा!" तो ओरडला.

"पट्टा तिच्या गळ्यात आहे," शिकवणारा म्हातारा डीर्स म्हणाला. "तू नुसता धर आणि तोंड मिट."

कुत्रीचं नाव हेला. तिसऱ्याच दिवशी ती चरापाशी थांबली. एलर्टनं तिला पुढं रेटलं आणि स्वतः कमरेपर्यंत चिखलात गेला.

"तिनं सांगितलं, तू ऐकलं नाहीस. यात गाढव कोण?" डीर्सनं विचारलं. हात मात्र दिला नाही. परतल्यापासून एलर्टला भेटलेला हा पहिला शहाणा माणूस.

तीन महिन्यांनी गावातली बडी मंडळी तमाशा बघायला आली. पुढं नगरसभेचे रेंकेनसाहेब, बोलताना दर वाक्याला 'पितृभूमी'. एलर्ट आणि हेला बाकं, बादल्या चुकवत निघाले. साहेब मुद्दाम वाटेत उभे राहिले.

"बघू या मंडळी, शेवटी कुत्रं ते कुत्रंच!"

हेला थांबली. हातातला पट्टा थरथरला, पण ती साहेबांना वळसा घालून पुढं निघाली. साहेबांनी पुन्हा आडवं येत तिच्या नाकाशी काहीतरी धरलं.

वास एलर्टलाही आला. धुरावलेलं डुकराचं सॉसेज! लढाईच्या टंचाईत गाव हिवाळाभर सलगम उकडून खात होतं, पावातही सलगम होता, आणि हा गृहस्थ सॉसेज नाचवत होता.

एलर्टनं वासाच्या रोखानं हात घातला, सॉसेज हिसकावलं आणि चावा घेतला.

"मीठ कमी आहे, साहेब. पण आम्हा सलगमखाऊंना चालतंय."

डीर्सला एकदम खोकला लागला.

साहेब भडकले. "हरामखोर! कुत्री काढून घ्या याच्याकडून!"

"ती आता दुसऱ्या कुणाकडे चालायची नाही, साहेब," डीर्स गंभीरपणे म्हणाला. हे साफ खोटं होतं. पण साहेबांना कुत्र्यांतलं काय कळत होतं?

त्यानंतर एलर्टला कुठल्याही कार्यक्रमाला बोलावलं नाही. तो ब्रश बांधायच्या कारखान्यात लागला. रोज हेलाबरोबर एकटाच जायचा. टॉमकेचा हात मोकळा झाला. तिनं पोस्टात नोकरी धरली.

वर्षभरात राग विसरून रेंकेनसाहेब बाजारात त्याला मोठ्यानं हाक मारू लागले. "काय ब्रुंकेन, बरं आहे ना?"

आवाज एलर्टला पक्का ठाऊक होता.

"कोण?" तो दर वेळी विचारायचा, आणि उत्तराला न थांबता पुढं जायचा.