मास्तरांची उन्हाची चूल

वर्गात शिरण्याआधी मास्तर बोट ओलं करून हवेत धरत. वारा कुठून येतो ते कळलं, की मगच हजेरी. आमच्या वडनेरच्या शाळेत ते विज्ञान शिकवत, मी मराठी. तुमच्याही गावात असा एखादा मास्तर असेल. नसेल तर तुमचं गाव सुखी आहे.

घराच्या सपाट धाब्यावर त्यांनी दोन वस्तू मांडल्या होत्या. एक काचेच्या झाकणाची काळी पेटी. तिच्यात नुसत्या उन्हावर वरण शिजे. दुसरी सायकलच्या चाकाची पवनचक्की. तिच्यावर बॅटरी भरे आणि स्वयंपाकघरात चिमणीऐवजी एक बल्ब मिणमिणे. भाकरी तेवढ्या शेजारची वहिनी टाकून देई. कोणी हसलं की मास्तर म्हणत, "दिवसा ऊन, राती वारा. धूर कायले पाह्यजे बे?"

खरं कारण आत खोकत बसलेलं असे. मास्तरांच्या बायकोला, आमच्या काकूंना, दमा होता आणि डॉक्टरांनी चुलीपुढे बसायची बंदी केली होती.

एकदा जिल्ह्याहून साहेब पाहणीला येणार असं ठरलं. साहेबांना पटलं तर घरोघरी पेट्या मिळतील, म्हणून मास्तरांनी आपली पेटी शाळेच्या मैदानात आणून ठेवली. हेडमास्तरांनी तिच्यावर छानपैकी मांडव घातला.

"सर, सावलीत डाळ नाही शिजत हो!" मास्तर म्हणाले.

"मंग काय सायबाले उनात शिजवू?"

साहेब आले दिवेलागणीला. डाळ टणक, पाहुणे भुकेले. शेवटी काकूच पदर खोचून घरच्या चुलीपुढे बसल्या आणि धुरात खोकत त्यांनी सगळ्यांपुरतं पिठलं केलं. ते मैदानात आलं. साहेब बोटं चाटत म्हणाले, "वा! सूर्यशक्तीच्या स्वयंपाकाची चवच वेगळी!"

टाळ्या पडल्या. मास्तर न जेवता उठले, घरी गेले आणि पेटत्या चुलीत त्यांनी घागरभर पाणी ओतलं. दौरा यशस्वी झाला. पेट्या काही कोणाला मिळाल्या नाहीत.

काकूंच्या आधी मास्तर जातील, असं आम्हा कोणालाच वाटलं नव्हतं. फार वाईट वाटलं. तेरवीला गावाने अंगणात मोठमोठी चुलाणं पेटवली आणि घरभर धूर कोंडला. वाढपी मास्तरांच्या नावाचं पान वाढायला लागला, तेव्हा काकूंनी त्याला थांबवलं. दम खात खात त्या शिडी चढल्या आणि धाब्यावरच्या पेटीतलं वरणाचं भांडं घेऊन आल्या.

"त्यायच्या पानात हे वाढा," त्या म्हणाल्या. "धुरावरचं त्यायले गोड लागत नाही."