सांगून जायचं

पाळणाघरात काम करणाऱ्याला किस्से शोधत फिरावं लागत नाही. संध्याकाळी ओढणी झटकली की बिस्किटाच्या चुऱ्याबरोबर दोन-चार खाली पडतातच! वैशाली नगरातलं आमचं पाळणाघर शोभाकाकू चालवतात. त्या मूळच्या तुमसरच्या. मी सायकॉलॉजी शिकून त्यांच्या हाताखाली.

काकूंचा नियम एकच. मुलाची नजर चुकवून पळायचं नाही. तोंडावर सांगायचं, मग जायचं. रडलं तर रडू द्यायचं.

"आज फसवसान," त्या आईबापांना दम देतात, "तर उद्या मोठा होऊन बायकोचाबी भरोसा नाही करणार तो!"

*

अंशूचे पप्पा इथल्या स्टील प्लांटमध्ये. ते सांगून जायचे, पण अंशूला नुसता शब्द चालत नसे. तारण लागे. कधी रुमाल, कधी कंगवा.

एकदा पप्पा फार घाईत होते. खिशात हात घातला, जे आलं ते पोराच्या हातात कोंबलं आणि स्कूटर पळवली. थोड्या वेळात परत, घामाघूम! दिला होता तो गेटपास. गेटवरून गार्डने परत पाठवलेलं.

अंशूने शांतपणे पास काढून दिला आणि माझ्याकडे वळला. "देखा दीदी? आ गये न!"

दुसऱ्या दिवसापासून साहेब रुमालाला हात लावेनात. पासच पाहिजे!

*

कान्हाला पहिल्या दिवशी आजी सोडून गेल्या. म्हणजे मला तसं वाटलं. पेल्यातलं पाणी फेकायला मी खिडकी उघडली तर खाली पांढरं डोकं! मी अशी किंचाळले की सगळी पोरं एका सुरात रडायला लागली. कान्हा सोडून.

तो खिडकीत चढून खाली वाकला. "आजी, तू घर जा ना. मैं खेल रहा हूँ."

आजींच्या डोळ्यांना धार. "पाहा बाप्पा, एका घंट्यात परकी झाली मी!"

काकूंनी त्यांना हाताला धरून आत आणलं, मटार सोलायला दिले. "रडा, रडा. उद्यापासून तुमचंच अ‍ॅडमिशन करून टाकू."

*

वेदूची तऱ्हा उलटी. घ्यायला कोणी आलं तरी मान वर करत नाही. ठोकळ्यांवर ठोकळे. आणि त्याचे पप्पा दारात उभे, मान मोबाईलमध्ये.

मी धीर करून म्हटलं, "सर, तुम्हीच आधी हाक मारा ना."

"मारली असती. पण तो बिझी दिसून राहिला."

आतून वेदूचा आवाज, "दीदी, पापा को बोलो पहले फोन रखें. फिर देखूँगा."

काकू हळूच म्हणाल्या, "मान कोनावर गेली, विचारालेच नको!"

*

आता माझं. आई नर्स होती. ड्युटीची वेळ झाली की मला कार्टून लावून द्यायची आणि स्वयंपाकघराच्या दाराने सटकायची. अजूनही टीव्ही बघताना माझा एक डोळा त्या दाराकडे असतो. आईला बोललं की म्हणते, "मंग का करू वो? तू पाय धरून बसे. पेशंटले सलाईन कोन लावन?"

तर मला पाहायला नीलेश आला, त्या दिवशीची गोष्ट. पोहे अर्धे झाले आणि फोन आला म्हणून तो उठून बाहेर गेला. माझ्या तोंडून, भरल्या बैठकीत, मोठ्याने निघालं, "गेले?"

त्याची मामी टाळी देत म्हणाली, "पोरीले पसंत हाय!"

साखरपुडा झाला!

*

नीलेश रेल्वेत असिस्टंट लोको पायलट. इंजिनात फोन बंद ठेवावा लागतो, हे मला समजतं. पण हा माणूस निघतानाही काही सांगत नाही. साडीच्या काठाबद्दल विचारावं तर मेसेजवर दिवसभर एकच टिक!

एकदा मी हादरूनच गेले. दुर्गला त्याच्या मामांकडे फोन लावला, "नीलेशचा पत्ता नाही! ट्रेनचं काही ऐकलं का?" मामी देवापुढे बसल्या, मामा चप्पल घालून स्टेशनकडे पळाले. नीलेश आतल्या खोलीत झोपला होता. ड्युटी करून!

मग मी त्याला पावर हाउस स्टेशनजवळ चहाला बोलावलं. म्हटलं, "जाताना सांगत जा. एवढंच."

"मले सवयच नाही वो. मायबाप गावाले, मी लहानपणापासून मामाकडे. कोनाले सांगणार? चप्पल घातली का निघालो."

"मला नाही जमणार. असंच चालणार असेल तर लग्न नको."

त्याने चहा संपवला. कप ठेवला. आणि निघून गेला. न सांगता!

मी अंगठी काढून पर्समध्ये टाकली. परत द्यायची, ठरलं. काकूंना सांगितलं तर त्या एवढंच म्हणाल्या, "दे. पण तूबी तोंडावर सांगून दे."

*

दुसऱ्या दिवशी सकाळी दारात आयाबापांची गर्दी, पोरांची रडारड. फाटक खाडकन वाजलं, मी दचकले, दुधाचा पेला आडवा. बघते तर नीलेश! युनिफॉर्म, खांद्याला बॅग, कान लालभडक.

सगळ्यांसमोर तो म्हणाला, "ड्युटीवर जाऊन राहिलो. गोंदियापर्यंत. फोन बंद राहीन. संध्याकाळी उतरलो का लावतो."

पोरं त्याच्याकडे वळली. त्यांच्या आया माझ्याकडे.

"बरं," मी म्हटलं. आणि खरंच बरं वाटलं. मी फडकं घेऊन दूध पुसायला लागले.

दूध पुसून झालं. आया गेल्या, बाप गेले. हा तिथेच उभा!

"काय झालं? गाडी सुटेल ना."

त्याने इकडेतिकडे पाहिलं, आवाज खाली आणला.

"तू रडत नाही?"

"नाही."

"थोडी तरी रड नं वो!"