मातीत आपोआप विरते

वानखेडे बाईंमुळे मी शिकलो. आमच्या घरात कॉलेजपर्यंत पोचलेला मी पहिला. नागपूरच्या वसतिगृहात सोडायला वडिलांबरोबर बाईही आल्या होत्या. त्यांच्याबद्दल मी कुणाशीही भरभरून बोलतो. पण मी त्यांच्याशी काय केलं, हे — बायकोलाही ठाऊक नाही. तोंडानं असं तुम्हालाच पहिल्यांदा सांगतोय.

मी नोएडात, पॅकेजिंगच्या कंपनीत आहे. मक्याच्या स्टार्चपासून आम्ही पातळ फिल्म बनवतो, तिच्या पिशव्या होतात. दिसतात प्लॅस्टिकसारख्या, पण कुजतात. कुजतात म्हणजे — कंपोस्टच्या कारखान्यात, सतत गरम ठेवलेल्या खतात. साध्या मातीत वर्षानुवर्षं तशाच राहतात. मला हे माहीत नव्हतं असं कसं म्हणू? चाचण्या मीच करत होतो.

माल महाराष्ट्रात जायचा होता. ऑफिसात मराठी येणारा मी एकटा. पिशवीवर छापायची इंग्रजीतली पूर्ण अट, फक्त कारखान्यातल्या गरम खतातच कुजते ही, मी मराठीत लिहून नेली, तर सेल्सचे साहेब हसले. "इतना लंबा कौन पढ़ेगा, यार? छोटा कर." मी छोटं केलं. 'मातीत आपोआप विरते.' मला ते वाक्य आवडलंसुद्धा. कौतुकानं एक पिशवी बाईंना पाठवली.

बाईंनी ती वर्गावर्गात फिरवली. मग तशाच पिशव्या मागवून मुलांकडून त्यांत कडुलिंबाची रोपं वाढवली, आणि शाळेच्या कुंपणालगत पिशवीसकट लावली. फाडायची कशाला? वर लिहिलेलंच होतं. हे त्यांनी मला फोनवर आनंदानं सांगितलं. मी — छान, म्हणालो.

पुढच्या वर्षी त्यांच्याकडून एक फोटो आला. मी मेट्रोत उभा होतो. वाळलेलं रोप उपटलेलं, आणि पिशवी अख्खी. माझं वाक्य स्वच्छ वाचता येत होतं. आत मुळं गोल गोल गुंडाळलेली, एकमेकांना आवळून बसलेली. माझं स्टेशन कधी गेलं, कळलं नाही.

मग त्यांचा फोन आला. त्या रागावल्या असत्या तर — पण नाही.

"अरे सुनील, सगळीच वाळली रे. पिशवी काय, विरेल सावकाश. पाणीच कमी पडलं असेल, नाही का?"

"हो बाई," मी म्हणालो. "पाणीच."

किती सहज! क्षणभर थांबावंही लागलं नाही मला. माझ्याच तोंडून आलं ते?

पाण्याची पाळी असलेल्या मुलांना बाईंनी परिपाठाला उभं केलं. एक मुलगी रडत म्हणत राहिली, मी रोज घालत होते. हेही बाईंनीच सांगितलं, वर म्हणाल्या, हल्लीची पोरं खोटं किती ठामपणे बोलतात. तेव्हाही मी गप्प. ती मुलगी एव्हाना शाळा सोडून गेलीही असेल.

गेल्या आठवड्यात मी पत्र टाकलं. ते एवढंच :

आदरणीय बाई,
रोपं पाण्यावाचून मेली नाहीत. ती पिशवी साध्या मातीत विरत नाही. वाक्य लिहिताना मला हे माहीत होतं, तुमचा फोन आला तेव्हाही माहीत होतं. ती मुलगी खरं सांगत होती. खोटं मी बोललो.
सुनील